टोपणावरचा शेंदूर

कोंडीबाने पेट्रोलच्या टाकीचे टोपण फिरवले आणि मोटारीने श्वास आत ओढला. 'सुंऽ' असा, बारीक आणि लांब. पाण्यात बुडवून धरलेल्या माणसाचे डोके वर यावे आणि त्याने पहिला घोट हवेचा घ्यावा, तसा. मी मागच्या बैठकीवर बसले होते. सिद्धेश्वराच्या तळ्यावरून वारा येत होता, गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची आपट्याची तुडवलेली पाने रस्त्यावर पडली होती. मोटार बंद पडून पाऊण तास झाला होता. कोंडीबाने प्लग काढून पुसले, नळी तोंडात धरून फुंकली, तारा चाचपल्या, आणि शेवटी पेट्रोल किती आहे ते पाहण्यासाठी टोपण उघडून आत काठी बुडवली. एका टांगेवाल्याने मुद्दाम टांगा सावकाश केला. "आक्कासाब, मोटर थक गई क्या? टांगा हाजिर है!" त्याच्या टांग्यातल्या बायका पदराआड हसल्या. मी तिकडे पाहिले नाही. सोलापुरात माझ्याकडे पाहून हसणाऱ्याची आठवण मी ठेवते, हे त्या टांगेवाल्याला ठाऊक नसावे.

"प्याट्रोल तर गळ्यापतूर हाय," कोंडीबा काठी उन्हात धरून म्हणाला. त्याने टोपण बसवले, पुढे जाऊन हँडल मारले, आणि मोटार पहिल्याच फेऱ्याला सुरू झाली. तो विजयी मुद्रेने आत येऊन बसला. "निघाली बघा. पिलगात कचरा हुता."

"तो आवाज कसला होता?"

"कंचा, आक्कासाहेब?"

"टोपण उघडलेस तेव्हाचा."

"वाऱ्याचा आसंल की."

तो आवाज मी पूर्वी ऐकलेला होता. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, चार वेळा. त्या आवाजाला मी सात वर्षे काहीही नाव दिले नव्हते, कारण त्या दिवसाच्या साऱ्या गोष्टींना मिळून मी एकच नाव दिले होते, आणि ते नाव बिरप्पा मेस्त्रीचे होते.

आज मी निघाले होते तीही त्यालाच पाहायला. पाहायला म्हणण्यापेक्षा, त्याने मला पाहावे म्हणून. श्रावणात त्याच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्याला कुलूप लागले. अक्कलकोटच्या रस्त्यावर, नाक्याच्या पुढे कापसाच्या गाड्या थांबतात तिथे तो आता बैलगाड्यांच्या आसांना वंगण घालतो, असे मला कळले होते. ज्या हातांनी त्याने लढाईच्या काळात इराकात बसऱ्याला साहेबलोकांच्या मोटारी दुरुस्त केल्या, आणि परत आल्यावर ज्या हातांना सगळ्या सोलापूरने मान दिला, त्या हातांत आता वंगणाचा बांबूचा नळा आहे. ही बातमी आली त्या दिवशी मी जेवताना दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. सुनेने आश्चर्याने पाहिले. मग खंडेनवमीला मी मोटारीची पूजा केली. सात वर्षांनी प्रथमच. माझी लेक वच्छला गेली त्या दिवशी मी देवघरात उभी राहून बोलले होते की बिरप्पाच्या दाराला कुलूप लागेपर्यंत या वाहनाला हळदीचे बोट लावणार नाही. कुलूप लागले. मी बोट लावले. आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पहिले एंजिन आले तेव्हापासून आमच्या घराची रीत अशी की यंत्राला नुसते कुंकू लावायचे नाही, तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. यंत्रात शक्ती असते, आणि शक्तीला शेंदूरच शोभतो. मोटारीच्या पुढल्या काचेखाली, अगदी मधोमध, टाकीचे पितळी टोपण आहे. माणसाच्या मुखावर कपाळ असते तिथे. यंदा मी त्यावर इतका शेंदूर लावला की पितळ कोठे दिसू नये. लावताना बोट दाबून फिरवले. मला फार समाधान झाले. ते समाधान भक्तीचे नव्हते, हे मी देवापासून लपवले नाही.

मोटार कुंभारवेशीवरून पुढे निघाली. माझ्या मांडीवर शाल होती. तिची घडी मी उलगडत होते आणि पुन्हा घालत होते. 'सुंऽ.' वच्छलाचे डोके याच मांडीवर होते. तिच्या सासरहून, मैंदर्गीहून, निरोप आला तो दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. आठव्या महिन्यातच कळा, आणि रक्त थांबत नाही. सुइणीने हात टेकले आहेत. माझे यजमान त्याआधी दोन वर्षे वारले होते, घरात निर्णय करणारी मीच. तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणण्यासाठी मी क्षणभरही न थांबता मोटार काढायला लावली. जाताना वळसंगच्या पुढे ती एकदा थांबली. कोंडीबा तेव्हा नुकताच बैलाच्या दमणीवरून मोटारीच्या चाकामागे आलेला. त्याला जे माहीत होते ते सर्व त्याने केले, शेवटी टोपण उघडून पेट्रोल मोजले, आणि मोटार सुरू झाली. येताना ती तीन वेळा थांबली. पहिल्यांदा वच्छला म्हणाली, "आई, थांबलो का आपण?" मी म्हणाले, "नाही गं. रस्ता खराब आहे म्हणून हळू चाललोय." दुसऱ्यांदा तिने तेच विचारले आणि मी तेच सांगितले. मोटारीचा आवाज बंद, शेतात टिटवी ओरडते आहे, आणि मी माझ्या लेकीला सांगते आहे की आपण चाललोय. तिसऱ्यांदा, कुंभारीच्या अलीकडे, तिने विचारले नाही. कोंडीबा टोपण उघडत होता तेव्हा मी तिच्या नाकाशी हात धरला होता. मोटारीने श्वास घेतला. तिने घेतला नाही.

दोन दिवसांपूर्वीच, दसऱ्याच्या सकाळी, मी बिरप्पाला घरातून घालवून दिले होते. तो मैंदर्गीकडच्या धनगराचा मुलगा. डोक्याच्या पटक्यात घोंगडी शिवण्याचे दाभण खोवलेले असे, ते बसऱ्यालाही गेले आणि परतही आले असे तो सांगे. मोटार घेतली तेव्हापासून तो दर दसऱ्याला न बोलावता येई, आपट्याची पाने देई, मोटारीभोवती एक फेरी घाली आणि जाई. त्या सकाळी मी अचानक ओसरीवर आले तर हा मेस्त्री पटक्यातले दाभण काढून, मी लावलेल्या शेंदरात खुपसून, टोपण खरवडतो आहे. वंगणाने काळे झालेले हात, आणि बोटांवर माझ्या पूजेचा शेंदूर. माझा संताप अनावर झाला. त्याने मान वर केली. "आक्कासाहेब, हितं बारीक..." एवढेच तो बोलला. मी हात वर केला. आमच्या घरात मी हात वर केला की बोलणे थांबते. "वेतन घेणाऱ्याने काम करावे, पूजेला हात लावू नये. तुझ्या हातांनी माझी पूजा बाटली." तो पुन्हा म्हणाला, "आयकून तर घ्या की..." आणि मी कोंडीबाला सांगितले, "याला फाटकाबाहेर सोडून ये. आजपासून आपली मोटार आपण राखायची." त्याच्या देखत मी शेंदराची वाटी मागवली आणि टोपणावर दुसरा थर दिला. तो फाटकातून पाहत होता. त्याचे ते पाहणे माझ्या मनात कोरले गेले. वच्छलाची राख विसर्जित करून आल्यावर त्या पाहण्याचा अर्थ मला स्वच्छ दिसला. त्याने जाता जाता मोटारीत काहीतरी करून ठेवले होते. मोटारीतून प्रेत आले म्हणून त्याच दिवशी ती गरम पाण्याने आणि राखेने घासून धुतली होती, शेंदराचा कणही ठेवला नव्हता, आणि त्यानंतर ती एकदाही अशी थांबली नाही. मेस्त्रीचा हात सुटला आणि मोटार सुधारली! आणखी पुरावा कोणता हवा?

मी फिर्याद केली नाही. कोर्टात न्याय मिळतो, सूड मिळत नाही. मी अवजारांची पेटी आणवली. मोटारीचे इंग्रजी पुस्तक धाकट्या मुलाकडून वाचून घेतले, एकेक पान तीन तीन वेळा. कोंडीबाला समोर बसवून प्लग, व्हॉल्व, ग्रीसच्या टोप्या, सारे खोलायला लावले. खोललेला प्रत्येक भाग पाटावर क्रमाने मांडून घेतला आणि तो पाठ झाल्याशिवाय त्याला उठू दिले नाही. पुढे दर बुधवारी मी माझे अंगण उघडे केले. ज्यांच्या घरी मोटारी होत्या त्यांनी आपले ड्रायव्हर पाठवावेत, सफाई इथे होईल, शिकवणेही इथे होईल. हळदीकुंकवाला, मुंजीला, बारशाला, जिथे गेले तिथे मी एकच सांगत असे. "बैलाच्या खुराला हात लावायची ज्याला लाज वाटते त्याने बैल पाळू नये. मोटारीचेही तेच. घरचे वाहन भाड्याच्या हाताखाली देऊ नका. मी दिले होते." एवढे बोलून मी गप्प बसत असे. बायका वच्छलाचे नाव घेत, डोळे पुसत, आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगत. बिरप्पाच्या हातून अडत्यांच्या मोटारी गेल्या, मग वकिलांच्या, मग बससर्व्हिसवाल्याची मोठी मोटार गेली. बिरप्पाने एकदाही माझ्या दाराशी येऊन जाब विचारला नाही. त्या मौनातही मला त्याचा अपराधच दिसला. निरपराध माणूस सात वर्षे गप्प कसा राहील?

हे सारे आठवताना माझी बोटे शालीची घडी घालत होती, आणि डोळ्यांसमोर मात्र भलतेच काही येत होते. घासलेटचा डबा. नवी सून घरात आली की पहिल्या आठवड्यात मी तिला शिकवते तो डबा. एकच भोक पाडलेस तर तेल गुचक्या देत येईल आणि मध्येच थांबेल. समोरच्या कोपऱ्याला दुसरे बारीक भोक पाड, वारा आत जाऊ दे. चाळीस वर्षे मी हे शिकवीत आले आहे. वच्छलाला ती नऊ वर्षांची असताना शिकवले. तिने खिळा वाकडा मारला म्हणून तिच्या हातावर चापट मारली. वारा आत गेला नाही तर तेल बाहेर येत नाही. टाकी काचेखाली उंच आहे, पेट्रोल आपल्या वजनाने नळीतून खाली उतरते. पुस्तकात हे होते, मी पाठ केले होते. मग वारा कोठून आत जातो, हे मी कोणाला विचारले नाही, आणि दर दसऱ्याला बिरप्पा मोटारीभोवती ती फेरी कशाला घाली, हेही नाही. मी शिकवणारी होते.

"हितं बारीक..."

"कोंडीबा," मी म्हणाले, "मोटार थांबव." पण थांबवण्याची गरज पडली नाही. एंजिनाने दोन आचके दिले आणि ते आपोआप थांबले. समोर नाका होता, कापसाच्या गाड्यांची रांग होती, आणि एका गाडीच्या चाकाशी, आस उघडा करून, बिरप्पा बसला होता. ज्याच्या समोरून मी भोंगा वाजवीत जाणार होते त्याच्यापासून वीस पावलांवर माझी मोटार मेली. गाडीवान हसले. एक जण म्हणाला, "बैल देऊ का आक्कासाहेब? तांबडा लई ग्वाड हाय!" बिरप्पा हसला नाही. त्याने नळा खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि तो उभा राहिला. पटक्यात दाभण होते. केस पांढरे झाले होते. मी खाली उतरले. साठी उलटल्यावर रस्त्यावर, गाडीवानांच्या देखत, मी प्रथमच पायी चालले.

"बिरप्पा, इकडे ये. ही का थांबली ते सांग."

तो मोटारीजवळ आला. टोपणाकडे त्याने एकदाच पाहिले. मग माझ्याकडे. "पूजा झाक झालीया," तो म्हणाला.

"तुला ठाऊक आहे ती का थांबली."

"व्हय."

"त्या दिवशीही ठाऊक होते?"

"मंगळवारी सांजच्याला कळलं, वच्छीताई गेल्या म्हनून. तवाच समजलं मला. चार बारीला थांबली म्हनलं कोंडीबा. दुसरं काय आसनार?"

"आणि सात वर्षे तू बोलला नाहीस. तुझी रोजी गेली, कारखाना गेला, नाव गेले. मी घालवले. हेही ठाऊक होते?"

"सोलापुरात कुनाला ठाव न्हाय?"

"मग का बोलला नाहीस?"

त्याने मान खाली घातली. त्याचा अंगठा नखावरचे वंगण खरवडत होता. "पयल्या दिसाला आलो हुतो सांगायला. फाटकातनं बगितलं, तर तुमी वसरीवर बसला हुता, वच्छीताईंचं लुगडं मांडीवर घिऊन. म्हनलं, हिला आता हे सांगितलं तर ही बाई मरंल. माज्या आईवानी तुमी. मागारी गेलो. मंग रोज वाटायचं, उद्याला सांगू."

म्हणजे दया. सात वर्षे हा माणूस माझ्यावर दया करीत होता. मी त्याचे एकेक गिऱ्हाईक तोडीत होते आणि तो वंगणाच्या हातांनी माझे घर सावरून धरीत होता. त्याने शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर मला सोसले असते. मी त्याला हुकूम केला, कारण दुसरे काही मला येत नव्हते. "छिद्र मोकळे कर."

"न्हाय, आक्कासाहेब." तो शांतपणे म्हणाला. "वंगनाचं हात हायेत. पूजा बाटंल."

बिरप्पाने पटक्यातले दाभण काढले आणि माझ्यापुढे धरले. टोक स्वतःकडे, नेढे माझ्याकडे. मी ते घेतले. टोपणावरच्या शेंदरात बोटाने चाचपत गेले. मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढा एक खळगा लागला. दाभण त्यात गेले आणि मोटारीने माझ्या बोटांखाली श्वास घेतला. माझ्या हाताला तो थंड लागला. नऊ वर्षांच्या मुलीलाही जे जमते ते मी केले होते.

"याचे काय द्यायचे तुला?" मी विचारले.

"मला कशाचं? काम तुमीच केलं की."

तो चाकाशी परत जाऊन बसला. दाभण माझ्याजवळच राहिले.

पुढच्या बुधवारी मी सर्वांना निरोप धाडले. नुसत्या ड्रायव्हरांनी नव्हे, मालकांनीही यावे, बायकांनीही यावे. अंगणात जाजम घातले. बिरप्पालाही बोलावणे धाडले होते. तो आला, पण फाटकाच्या आत आला नाही. मी शेंदराची वाटी मागवली आणि सर्वांसमोर टोपणावर ताजा थर दिला, बोट दाबून. मग कोंडीबाला मोटार सुरू करून अंगणाभोवती फिरवायला सांगितले. कितव्या तरी फेरीला ती थांबली. मी टोपण उघडायला लावले. 'सुंऽ.' जाजमावर बसलेल्या शेवटच्या बाईपर्यंत ते ऐकू गेले. अडत्यांचा ड्रायव्हर मानसिंग पुढे होता. माझ्याच हाताखाली शिकलेला, सर्वांत हुशार. त्याचा चेहरा उतरला.

"आक्कासाहेब, म्हंजी त्या वक्ताला..."

"बोल."

"न्हाय. काय न्हाय."

"बोल म्हणते ना! मोटार कशाने थांबली?"

"शेंदरानं."

"शेंदूर कोणी लावला?"

सून दारात येऊन उभी राहिली होती. कोणाच्या तरी हातातली बांगडी वाजली. "तुमी," तो पुटपुटला.

"पुन्हा सांग. फाटकापर्यंत ऐकू गेले पाहिजे."

"तुमी लावला, आक्कासाहेब!"

"आणि कोणी काढू पाहिला?"

"बिरप्पा मेस्त्रीनं."

फाटकाजवळचा माणूस जमिनीकडे पाहत होता. वकिलीणबाई उठून माझ्याकडे येऊ लागल्या, डोळे भरून. मी हात वर केला. दयेचा एक हप्ता मी नाक्यावरून घेऊन आले होते, दुसरा मला नको होता. मी माणसे ओळखून वैर धरते, आणि धरलेले सोडत नाही; ते कोणाशी धरायचे, एवढेच आता मला उमगले होते. "कोंडीबा, टोपण लाव. येताना ती तीन वेळा थांबली होती. अजून दोन राहिल्या."

दुसऱ्यांदा ती थांबली तेव्हा कोंडीबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि त्याला टोपणाची पकड सापडत नव्हती. तिसऱ्या वेळी मी स्वतः मागच्या बैठकीवर जाऊन बसले. शाल मांडीवर घेतली. मोटार फिरली, फाटकासमोरून गेली, तुळशीसमोरून गेली, दोन आचके दिले आणि थांबली.

"आक्कासाहेब," कोंडीबा मागे न वळता म्हणाला, "उगडू का?"

आई, थांबलो का आपण?

"हो," मी मोठ्याने म्हणाले, "थांबलो." आणि कोंडीबाला सांगितले, "टोपणाला हात लावू नकोस. या खेपेला हिनेही श्वास घ्यायचा नाही."

दाभण माझ्या मुठीत होते. मी मूठ उघडली नाही.